मुंबईत शिकायला आलेल्या ख्रिस्ती मुलामुलींना आपली मंडळी कशी सापडेल?

श्रीरामपूर तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. ती माटुंग्याच्या कॉलेजात एफ.वाय. बी.एस्सी.ला आहे आणि जवळच्याच हॉस्टेलवर राहते. घरचे सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळीचे, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांपैकी. ती लिहिते: "गावी देवळात सगळे ओळखीचे. इथे आमच्या मजल्यावर मी एकटीच ख्रिस्ती. एका मोठ्या इंग्रजी चर्चला दोनदा गेले, उपासना छान होती, पण कोणी एक शब्द बोललं नाही. आता रविवारी मोबाइलवरच उपासना पाहते. कॉलेजमधली एक सीनियर मंगळवारच्या बायबल स्टडीला बोलावते आहे. जावं का? आईला भीती वाटते की मी भलत्याच पंथात अडकेन."

मी मुंबईतल्या एका कॉलेजात शिकवून निवृत्त झाले आणि आमच्या मराठी मंडळीच्या तरुण संघाचं काम अजूनही बघते. नगर, जालना, सोलापूरकडून आलेली पुष्कळ मुलं इथे रुजताना पाहिली. काही पहिल्या सहा महिन्यांतच गळाली. बहुतेकांचा विश्वास वगैरे काही डळमळलेला नव्हता, रविवारची सवय तेवढी सुटली होती. तेव्हा जरा सविस्तरच सांगते.

कुठल्याही चर्चमध्ये गेलीस की मनाशी एकच विचार: पुढच्या रविवारी मी आले नाही, तर इथे कोणाच्या लक्षात येईल का? प्रवचन किती खोल, गाणी कशी, इमारत किती जुनी, हे सगळं नंतर. त्या मोठ्या चर्चवर रागावू नकोस. तिथे दर रविवारी पर्यटक, बदलीवर आलेले लोक, लग्नाची चौकशी करायला आलेली जोडपी, सगळेच येतात. दारावरच्या माणसाला तू पाहुणी की कायमची, हे कळत नाही. तूही प्रार्थना संपताच पहिली गाडी पकडून परत आली असशील. मुंबईत चर्चमधली ओळख उपासनेनंतरच्या वीस मिनिटांत होते, चहाच्या टेबलापाशी किंवा फाटकाबाहेर. ती वीस मिनिटं टाळली तर वर्षभर येऊनही माणूस अनोळखीच राहतो.

आता कुठे जायचं ते. माझं मत ठाम आहे: पहिल्या वर्षी मराठी मंडळीतच जा, आणि हॉस्टेलपासून एका गाडीत पोचता येईल अशाच मंडळीत जा. इंग्रजीची सवय कॉलेजात होणारच आहे. पण ताप आला, पेपर वाईट गेला, घरी भांडण झालं, तर त्याबद्दल प्रार्थना मागायला आपली भाषा लागते. वर्गात इंग्रजीत अडखळणारी मुलगी प्रार्थनेतही इंग्रजीत अडखळू लागली की हळूहळू गप्पच बसते. हे मी फार वेळा पाहिलं आहे.

माटुंग्याहून तुला सोपं पडेल ते भायखळा. सेंट्रलच्या स्लो गाडीने दादर, परळ, करी रोड, चिंचपोकळी आणि मग भायखळा. तिथे अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली जुनी मराठी मंडळी आहे, ह्यूम मेमोरियल चर्च. वेस्टर्नने जायचं असेल तर माटुंगा रोडहून ग्रँट रोडला इम्मानुएल चर्च आणि चर्नी रोडला उतरून गिरगावातलं अंब्रोली चर्च, दोन्ही मराठी उपासनेची जुनी ठिकाणं. घरून कोणी मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) किंवा मेथडिस्ट मंडळीत वाढलेलं असेल तर त्यांच्याही मराठी उपासना मुंबईत होतात. आणखी एक लक्षात ठेव. इथे एकाच इमारतीत सकाळी इंग्रजी, मग तमिळ किंवा तेलुगू, मग मराठी अशा उपासना चालतात. बाहेरच्या पाटीवर इंग्रजीच वेळ दिसली म्हणून परत फिरू नकोस, आतल्या माणसाला विचार. वेळा उन्हाळ्यात आणि सणांना बदलतात, म्हणून शनिवारी फोन करून खात्री करून घे.

हे शहर आपल्याला परकं आहे असं नगरच्या मुलांना वाटतं, तेव्हा मी त्यांना थोडा इतिहास सांगते. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि नगरला त्यांचं काम सुरू झालं ते १८३१ मध्ये. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला तोही मुंबईतच. नगर जिल्ह्यातल्या बऱ्याच मंडळ्यांचं मूळ शोधत गेलं तर वाट भायखळ्याकडेच येते. तेव्हा भायखळ्याच्या मंडळीत नगरची मुलगी गेली तर तिने पाहुणीसारखं मागच्या बाकावर बसायचं काही कारण नाही.

अंतराबद्दल इतका आग्रह का? मुंबईचा रविवार म्हणजे मेगाब्लॉक, रेल्वेच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद. माटुंगा ते मुलुंड ही घोषणा तर तू ऐकून पाठ केली असशील. कुर्ल्याला बदलून हार्बरने जायचं अशा चर्चला मुलं पहिला महिना उत्साहाने जातात. मग एक ब्लॉक, एक पाऊस, एक सबमिशन, आणि संपलं. विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गावर चालतो, बाकी तिकीट खिशातून. भायखळ्याला जायला पाच रुपये लागतात. पनवेलच्या उत्तम प्रवचनापेक्षा भायखळ्याचं साधं प्रवचन पहिल्या वर्षी तुझ्या जास्त उपयोगाचं. हे ऐकून आमचे काही पाळक (चर्चचे धर्मगुरू) नाराज होतात, पण मी मत बदललेलं नाही.

मंडळी निवडलीस की निदान ख्रिस्तजन्माच्या सणापर्यंत तिथेच जात राहा. या रविवारी इथे, पुढच्या रविवारी मैत्रिणीबरोबर तिथे, असं केलंस तर प्रत्येक ठिकाणी तू नवीनच राहशील. पहिल्याच दिवशी पाळकसाहेबांना भेटून स्वतःचं नाव, गाव, कॉलेज आणि गावच्या पाळकांचं नाव सांग. जमलं तर गावच्या पाळकांकडून दोन ओळींचं पत्र आण. मायनॉरिटी कोट्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांचं पत्र जमवलं असशील, तर त्याचीच प्रत चालेल. त्या कागदाचा खरा उपयोग इथे होतो: नाव वहीत चढतं आणि तरुण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही.

मग चौकशा सुरू होतील. "कुठल्या तुम्ही? श्रीरामपूर? बेलापूरच्या अमक्यांच्या कोण?" दहा मिनिटांत कोणीतरी तुझ्या आत्याच्या जावेचं नातं शोधून काढेल. शहरी मुलांना याचा वैताग येतो. मला वाटतं, येऊ द्यावा. हीच माणसं तू आजारी पडलीस की डबा घेऊन हॉस्टेलच्या वॉचमनशी हुज्जत घालतात. हो, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एखादी मावशी स्थळाचा विषय काढेल. "एफ.वाय.ला आहे, मावशी" म्हणायचं आणि चहा प्यायचा.

पण नुसतं बाकावर बसून कोणी आपलं होत नाही. काम माग. शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या बायबलच्या वर्गात, लहान मुलांना सांभाळायला कायम माणूस कमी असतो. उपासनेआधी उपासना संगीताची पुस्तकं बाकांवर ठेवायची असतात, वाचनासाठी आवाज हवा असतो, आता प्रोजेक्टरवर गाण्यांच्या ओळी टाकायलाही कोणी लागतं. असं एखादं काम अंगावर घेतलंस की तू आली नाहीस हे नऊ वाजून पाच मिनिटांनी कळतं. वर म्हटलेला विचार आठवतो ना? त्याचं उत्तर असं स्वतःच तयार करावं लागतं. शब्बाथ शाळेतल्या मुलांना शिकवणारी कितीतरी कॉलेजची मुलं मी पाहिली, त्यांच्यातलं क्वचितच कोणी मंडळी सोडून गेलं. आणि डिसेंबरात कॅरलला जाच. तरुण संघ रात्री घरोघर गात फिरतो. नायगावच्या चाळीपासून भायखळ्याच्या टॉवरपर्यंत सगळ्या घरांत एका आठवड्यात पाय लागतो, तेवढी ओळख वर्षभराच्या उपासनांतून होत नाही. हॉस्टेलच्या रेक्टरांकडून रात्रीची परवानगी मात्र आठवडाभर आधी लेखी घे, पाळकसाहेबांचं पत्र जोडून.

मोबाइलवरच्या उपासनेबद्दल. आजारपणात, परीक्षेच्या आदल्या रविवारी, ठीक आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायातलं ४२वं वचन उघडून बघ. पहिली मंडळी चार गोष्टींत टिकून होती: शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना. पडद्यावरून शिक्षण मिळेल, प्रार्थनेत थोडंफार सामील होता येईल. उरलेल्या दोन गोष्टींसाठी चर्चला जावंच लागतं.

आता मजल्यावर तू एकटीच, याबद्दल. खात्री आहे का तुला? मुंबईत ख्रिश्चन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डिसोझा, फर्नांडिस येतात. गायकवाड, साळवे, बनसोडे, साठे अशा आडनावांची मुलगी ख्रिस्ती असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. तुझ्याबद्दल तरी किती जणींना माहीत आहे? म्हणजे आपणच एकमेकींना दिसत नाही. बायबलात १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा "मी एकटाच उरलो" म्हणतो तेव्हा देव त्याला सात हजारांचा आकडा सांगतो. हॉस्टेलवर सात हजार नसतील, दोघी-तिघी निघतील.

त्यांना शोधताना एक जपायचं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळत नाही. त्यामुळे आपल्या कितीतरी घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा असतो. त्यावर बरोबर-चूक ठरवणारं मी काही बोलणार नाही, ज्यांच्या फीचा प्रश्न आहे त्यांनाच त्याचा भार ठाऊक. पण मेसमध्ये चारचौघांत कोणाला "तू ख्रिश्चन ना गं?" असं विचारू नकोस. तुझ्या टेबलावर बायबल असू दे, रविवारी तयार होऊन निघताना कोणी विचारलं तर "उपासनेला चालले" म्हण. जिला यायचं आहे ती जिन्यात गाठून हळूच विचारेल.

मंगळवारच्या बायबल स्टडीला जा. पण आधी त्या सीनियरला साधे प्रश्न विचार: हा ग्रुप कोणाचा, कुठे भरतो, कोण चालवतं, तू स्वतः रविवारी कुठल्या मंडळीत जातेस? सरळ गटात याची उत्तरं सरळ मिळतात. भारतात विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्या जुन्या संघटना आहेत. यूईएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) १९५४ पासून आहे, तिच्या कॉलेजातल्या गटांना ईयू (इव्हँजेलिकल युनियन) म्हणतात आणि ते मुख्यतः विद्यार्थीच चालवतात. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट त्याहून जुनी, १९१२ची, तिथे समाज आणि न्याय यांवर जास्त बोललं जातं. कॅथलिक विद्यार्थ्यांची आयकफ (ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन) १९२४ची. तुझी सीनियर यांपैकी कशात असेल तर आईला नाव सांगता येईल. कशातच नसेल तरी चालेल, तीन मैत्रिणी कँटीनच्या मागे बसून मार्काचं शुभवर्तमान वाचत असतील तर त्यालाही काही कमी लेखायचं कारण नाही. असा गट आठवड्याच्या मधोमध तुला उभं ठेवतो. वर्गातल्या गोष्टी, उत्क्रांतीचं लेक्चर, प्रेमप्रकरणं, घरची काळजी, या गोष्टी रविवारी काकालोकांपुढे निघत नाहीत, मंगळवारी निघतात. मात्र त्यात म्हातारी माणसं नसतात, लहान मुलं नसतात, प्रभुभोजन नसतं. तीन वर्षांनी सगळे पांगतात. म्हणून तो गट मंडळीच्या जोडीला हवा, बदली म्हणून नको.

आईची भीती अगदीच खोटी नाही. एकटी, बाहेरगावची, प्रेमाला आसुसलेली मुलं हेरणारे गट या शहरात आहेत. ते सुरुवातीला फार गोड असतात. रोज फोन, वाढदिवसाला केक, "तू आमचीच." पुढे काय होतं ते सांगते, म्हणजे ओळखता येईल. त्यांच्या बायबल-अभ्यासाबद्दल पाळकांना किंवा आईवडिलांना सांगू नको म्हणतात, "त्यांना अजून कळणार नाही" असं कारण देतात. बाकी सगळ्या मंडळ्या मेलेल्या आणि तारण फक्त आमच्याकडे, हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत येतं. मग एक 'मोठी बहीण' नेमून देतात आणि कोणाशी बोलायचं, सुट्टीत घरी जायचं की नाही, हे तीच ठरवू लागते. घरून आलेल्या पैशांतला दहावा भाग मागतात. यातली एक गोष्ट जरी दिसली तरी निघून ये. वाद घालत बसू नकोस, त्यांची तयारी तुझ्यापेक्षा जास्त असते. नंबर ब्लॉक कर आणि पाळकीणबाईंना त्याच दिवशी सांग.

एक प्रसंग हमखास येतो. कोणीतरी म्हणेल, लहानपणी झालेला बाप्तिस्मा खरा नाही, तू आता पाण्यात बुडून बाप्तिस्मा घे, आणि पुढच्या शनिवारीच घे. यावर मंडळ्यांमंडळ्यांत जुना मतभेद आहे आणि दोन्हीकडे प्रामाणिक माणसं आहेत. मी त्यात तुला बाजू घ्यायला लावत नाही. पण घाई करणाऱ्याला नाही म्हण. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाशील तेव्हा पाळकांशी, आईवडिलांशी बस, शास्त्र उघडून बोल. आजपर्यंत थांबलेली गोष्ट दिवाळीपर्यंत थांबू शकते.

सुरक्षिततेचं थोडक्यात. अनोळखी घरातल्या प्रार्थनासभेला एकटी जाऊ नकोस, पहिल्यांदा तरी मैत्रीण बरोबर असू दे. 'वैयक्तिक प्रार्थने'साठी कोणी पुरुष, कितीही मोठा सेवक असो, दार बंद करून बसवत असेल तर उठून बाहेर ये, उद्धटपणा झाला तरी चालेल. हॉस्टेलच्या वेळेआधी परत पोच. कॉलेजात प्रार्थनेसाठी वर्ग हवा असेल तर प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या. जमलेल्यांनी आपापलं वाचावं, प्रार्थना करावी. रूममेटला ओढून आणू नका. ती कुतूहलाने आली तर येऊ दे, पण तिच्या घरच्यांना न सांगता तिला पत्रकं-पुस्तकं देऊ नका. सध्या यावरून गैरसमज पटकन पेटतात आणि भोगावं लागतं ते त्या मुलीला.

हे वाचणाऱ्या कॅथलिक मुलांसाठी: तुमचं काम सोपं आहे, कारण पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला विभाग, राहत्या पत्त्यावर ठरतं. हॉस्टेल ज्या पॅरिशमध्ये येतं त्या चर्चच्या ऑफिसात जाऊन नाव सांगा आणि युथ ग्रुप कधी भरतो ते विचारा. मुंबईत बहुतेक मिस्सा (कॅथलिक उपासना) इंग्रजीत, मराठी मिस्सा कुठे असते ते ऑफिसातच कळेल. वसईकडे मराठी मिस्सेची परंपरा भक्कम आहे, तो १९९८ पासून वेगळा धर्मप्रांत आहे. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्यांना सप्टेंबरात बांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा घरच्यासारखी वाटेल, माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनालाही (सामुदायिक प्रार्थनेलाही) जरूर जा. पण या दोन्ही ठिकाणी तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तुमचं नाव कळणार नाही. त्यासाठी पॅरिशच.

आणि दीड-दोन महिने मनापासून जाऊनही एखाद्या मराठी मंडळीत जमलं नाही तर? होतं असं. काही ठिकाणी कमिटीची भांडणं कोर्टात असतात आणि तरुणांनाही गटात ओढतात. काही ठिकाणी तरुण संघ नावापुरता असतो. तेव्हा न रुसता दुसरी मंडळी बघ, पहिल्या पाळकांना सांगून. वर ग्रँट रोड, गिरगाव लिहिलं आहे ते त्यासाठीच.

आईला एक काम दे. तिने गावच्या पाळकांना म्हणावं, मुंबईच्या मंडळीच्या पाळकांना एक फोन करा आणि आमची मुलगी येते आहे एवढं सांगा. पाळकांची एकमेकांत ओळख असते, नसली तरी काढतात. मग तू रविवारी आठ वाजता हॉस्टेलमधून निघ, चहाची वीस मिनिटं धरून वेळ काढ, आणि संध्याकाळी आईला मंडळीतल्या एका बाईचं नाव आणि नंबर पाठव. त्या दोघी एकदा बोलल्या की आईची काळजी बरीच कमी होईल.